डाव्या पानावरचे हायकू

१ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७.१०

संकल्प तीन. रोज एक हायकू. चहात साखर अर्धा चमचा. कुणाचाही मत्सर करायचा नाही.

तिसरा मला तसा लागू नाही. मत्सर माझ्या स्वभावातच नाही. पण दोनच संकल्प बरे दिसत नाहीत.

ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. तरी माहिती पूर्ण लिहितो. विमा कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये बावीस वर्षं काढली की अर्धवट कागद बघवत नाही. (या बावीस वर्षांत माझ्या हातून एकही फाइल चुकीच्या कप्प्यात गेलेली नाही. सहज आठवलं म्हणून.)

तर आमचं हायकू मंडळ. सभासद पाच. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये बसतो, कारण त्या दिवशी दवाखाना बंद असतो आणि खुर्च्या रिकाम्या असतात. स्वतः डेंटिस्ट. बाई, म्हणजे निवृत्त प्राध्यापिका, मंडळाच्या सर्वेसर्वा. मेडिकल स्टोअरवाला, ज्याला आम्ही ‘क्या बात’ म्हणतो कारण तो दुसरं काही म्हणत नाही. मी. आणि लिफ्टवाला. हा लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्या ऑफिसच्या लिफ्टचं कामही त्याच्याकडेच आहे. दोन वर्षांपूर्वी दाढ दाखवायला आला आणि राहिला. मला काका म्हणतो. आमच्यात जेमतेम सतरा वर्षांचं अंतर.

बाईंचे नियम दोन. दुसऱ्याचा हायकू आवडला तर तिथल्या तिथे स्वतःच्या हातानं वहीत उतरवून घ्यायचा, मोबाइलवर फोटो नाही. आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं दुसऱ्याचा एकच आवडता हायकू निवडून त्यावर पानभर रसग्रहण लिहायचं. त्याची पुस्तिका निघते. म्हणजे पुस्तिकेत आपला हायकू यायचा तर तो दुसऱ्या कुणाला तरी आवडावा लागतो.

गेल्या तीन पुस्तिकांत माझा एकही नाही. परवाच्या पुस्तिकेत लिफ्टवाल्याचे तीन.

यंदा माझे किमान तीन येतील. हा संकल्प नाही, अंदाज आहे.

३ जानेवारी, रविवार

सुरुवात दणक्यात. वाचला:

अनंत विश्व
क्षितिजापार माझे
अस्तित्व मौन

पाच, सात, पाच. सतरा म्हणजे सतरा. वाचून झाल्यावर मी मुद्दाम मान खाली घातली, उतरवून घेताना कुणाला संकोच नको. पेनांचा आवाज आला नाही. वर बघितलं तर डेंटिस्ट पेनाला टोपण लावत होता. क्या बात ‘क्या बात’ म्हणाला, पण पंखा लावू का विचारलं तरी तो तेच म्हणतो. बाईंनी विचारलं की यात नेमकं दिसतं काय. मी म्हटलं, मौन. त्यावर त्यांनी विचारलं की मौन दिसतं का. प्राध्यापक मंडळींना शंका फार.

मग डेंटिस्टनं वाचला:

दाढ काढली
जीभ अजून जाते
तिच्याच घरी

सगळ्यांची पेनं धावली. दाताच्या डॉक्टरनं दातावर लिहिलं यात कर्तबगारी काय? मी फाइलींवर लिहितो का?

उतरवून मात्र घेतला. माझी पद्धत अशी: हायकूच्या वहीत डाव्या पानावर दुसऱ्यांचे, खाली लाल पेनानं कवीची खूण, तारीख आणि शेरा. उजव्या पानावर माझे, निळ्या पेनानं. डावी पानं गुणदोष अभ्यासण्यासाठी आहेत. मुख्यतः दोष.

२४ जानेवारी, रविवार

रोज एक हायकू हा संकल्प थोडा बदलला. आठवड्याला एक. दर्जा महत्त्वाचा.

साखर दीड चमचा. थंडी आहे.

९ फेब्रुवारी, मंगळवार

मामा गेले.

रेकॉर्ड रूमचे शिपाई. सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. काल पाच वाजता माझी शिडी धरून उभे होते. मग घरी गेले. पहाटे फोन आला.

एकोणीस वर्षं. मला सकाळी बस हमखास उशिरा मिळते, तर हे खाली लिफ्टच्या दारात पाय घालून उभे. आतली माणसं कटकट करायची. साहेब येतायत, म्हणायचे. चार मजले चढायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

ऑफिसच्या कामाची अडचण होणार. शिडी डुगडुगते.

हायकू नाही.

७ मार्च, रविवार

लिफ्टवाल्याचा आजचा:

दार मिटलं
कुणीच आत नाही
वर निघाली

वाचण्याआधी तो काहीतरी सांगत होता, कुठे सर्व्हिसिंगला गेला होता, कुणाबद्दल तरी. माझी पाळी त्याच्यानंतर होती आणि मी माझा हायकू मनात घोळवत होतो, त्यामुळे ऐकलं नाही. वाचून झाल्यावर तिन्ही पेनं एकदम. बाईंनी तर दोनदा उतरवला, एकदा वहीत आणि एकदा पुस्तकात घालायच्या खुणेच्या कागदावर. क्या बात काहीच म्हणाला नाही, नुसता चष्मा पुसत बसला. त्यानंतर माझा ‘ब्रह्मांड डोले’ वाचला गेला तो जणू पुसलेल्या फळ्यापुढे. बाईंनी पुढचं पुढचं म्हणून आटोपतं घेतलं.

घरी येऊन डाव्या पानावर उतरवला. खाली शेरा: ‘ल. ७ मार्च. कर्ता कुठे आहे? काय निघाली? कुठे निघाली? ही कविता नाही, तक्रारवहीतली नोंद आहे. नापास.’ लिहिल्यावर बरं वाटलं.

बायकोला दाखवला, खालचा शेरा हातानं झाकून. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मत निष्पक्ष. तिनं वाचला, मग तपासायच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला. हा कुणाचा, म्हणाली. मी म्हटलं, आहे एक मेकॅनिक. ती म्हणाली की तिला मामांची आठवण झाली. कशाला काय जोडते. मी म्हटलं यात मामा कुठे आहेत, यात तर कुणीच नाही. ती म्हणाली, तेच.

पोटात दुखतंय. दुपारची भाजी जड झाली असावी.

४ एप्रिल, रविवार. दुपारी १

आज नाचक्की. मीटिंगला उशीर झाला आणि हायकू तयार नव्हता. बाईंनी कारण विचारलं. खरं तेच सांगितलं, की साठलेलं काम रविवारी सकाळी जाऊन उरकावं लागतं, कारण वरच्या कप्प्यांना मदत नाही. रोज तेच. शिडीवर मी, खाली धरणाऱ्याची चप्पल फक्त. मामांची ऑफिसात घालायची चप्पल रॅकखाली आहे अजून. नवा कारकून टाकून देऊ का म्हणून विचारतो. मी म्हटलं राहू दे, साफसफाईच्या वेळी बघू.

माणूस अडचण सांगतोय तर साधी सहानुभूती नाही. बाई बोटांवर काहीतरी मोजत बसल्या. वय झालं. आणि लिफ्टवाला तेवढ्यात खिशातली छोटी वही काढून खरडायला लागला. दुसरा बोलत असताना आपल्या कामांची यादी करायची, याला काय म्हणायचं?

१६ मे, रविवार

मोहीम सुरू. पुस्तिकेत कुणाचा हायकू येतो हे गुणांवर ठरत नाही, संबंधांवर ठरतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी सरळ माणूस.

डेंटिस्टला जिन्यात गाठून सांगितलं की यंदा माझी निवड तुमची दाढ. क्या बातला त्याच्या दुकानात जाऊन सांगितलं की माझी निवड तुमची गोळी. त्याचा हायकू असा:

रात्रीची गोळी
विचारतात रोज
रात्र कधीची

रोज येणाऱ्या एका आजोबांवर आहे म्हणे. बाईंना फोनवर सांगितलं की माझी निवड तुम्हीच, कुठला ते नंतर ठरवू. तिघांनाही गुप्ततेची अट घातली. आता त्यांनाही काही वाटेलच. डेंटिस्ट इतका खूश झाला की माझे दात तपासून दिले. दोन किडलेले निघाले.

कन्येला सांगितलं. तिनं विचारलं की बाबा, एकच निवडायचा असतो ना? मी म्हटलं, याला नियोजन म्हणतात. ती म्हणाली की याला वेगळा शब्द आहे.

२० जून, रविवार

आज वाचला:

शून्यात शून्य
शून्याच्या पलीकडे
पुन्हा शून्यच

पेनं तीच. टोपणं तीच. घरी बायकोला ऐकवला. उत्तर बरोबर आहे, म्हणाली.

२७ जून, रविवार

लिफ्टवाल्याचा तो हायकू डोक्यातून जात नाही. दाढी करताना तोच, बसमध्ये तोच. पाहुणा म्हणून आला आणि ठाण मांडून बसला. काटा काट्यानंच काढावा, म्हणून आज त्याची दुरुस्ती करायला घेतली. दुरुस्ती माझी, म्हणून उजव्या पानावर, निळ्या पेनानं. आधी मूळ लिहून घेतला. ‘कुणीच’ खोडून ‘माणूस’ केलं. बरं वाटेना. ‘निघाली’चं ‘चालली’ केलं. लंगडं झालं. शेवटी ‘अनंताकडे’ घालून पाहिलं. ते छान होतं, मोजून पाचही भरत होतं, पण बसत नव्हतं.

चार तास गेले. सगळे बदल खोडले, मूळ तेवढं राहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसला तो हायकू. अंगणच वाकडं आहे.

११ जुलै, रविवार

कन्येनं वाढदिवसाला नवी वही दिली. जाड कागद, खुणेला रिबन. आधीचीत फार खाडाखोड झाली होती. उजवी पानं तेवढी नव्या वहीत स्वच्छ उतरवली. एका बैठकीत, गेल्या वर्षीचे धरून, चौऱ्याऐंशी हायकू, समोर टीव्हीवर मॅच चालू असताना. डावी पानं आणली नाहीत. नव्या वहीची डावी पानं कोरीच ठेवणार. हल्ली दुसऱ्यांचं उतरवून घ्यावं असं काही कानावर येत नाही.

जुनी वही माळ्यावर टाकली. चालू फाइल खाली, बंद फाइल वर. घर असो की ऑफिस, पद्धत म्हणजे पद्धत.

१८ ऑगस्ट, बुधवार. ऑफिस, ९.५०

बस उशिरा. धावत आत आलो. लिफ्ट खाली उभी होती, उघडी. आत कुणी नाही, दारात कुणी नाही. मी चार पावलांवर असताना दार मिटलं. वरचे आकडे लागत गेले. एक, दोन, तीन, चार.

मी तिथेच उभा राहिलो. परत बोलावायचं बटण दाबायला सुचलं नाही. मग जिन्यानं आलो.

डोळ्यांत धूळ गेली आहे. जिना झाडत नाहीत.

३ सप्टेंबर, शुक्रवार

मोठी गोष्ट. नवी वही चाळत होतो, तर एक हायकू समोर आला. ‘दार मिटलं, कुणीच आत नाही, वर निघाली.’ अंगावर काटा आला. ऑगस्टमधल्या त्या बुधवारची लिफ्ट, जशीच्या तशी. मामांचा पाय सोडून सगळं. माझं अक्षर, निळी शाई, उजवं पान. कधी लिहिला ते आठवत नाही. पण पानांचा क्रम पाहता जूनमधला. म्हणजे घडायच्या दोन महिने आधी मी तो लिहून बसलो होतो. याला प्रतिभा म्हणतात.

लिफ्टवाल्यानंही मागे लिफ्टवर काहीतरी केलं होतं खरं. काय ते आता आठवत नाही, नापास केलेलं आठवतं. विषय एकच असला तरी हात कुणाचा यावर असतं.

बायकोला वाचून दाखवला. हा ओळखीचा वाटतो, म्हणाली. मी म्हटलं, उत्तम कविता पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीची वाटते. तिनं विचारलं की जुनी वही कुठे आहे. माळ्यावर, म्हटलं. ती म्हणाली, काढा, मी शिडी धरते. मी म्हटलं कशाला उगीच.

लगेच वाचणार नाही. ऑक्टोबरमध्ये वाचेन, निवडीच्या तोंडावर, म्हणजे ताजा राहील.

३ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १२.३०

वाचला. काय सांगू.

पेनं हललीच नाहीत, कारण हात हलायला माणूस भानावर लागतो. क्या बातचं तोंड उघडं राहिलं. डेंटिस्ट उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला, एवढं वाचल्यावर घसा कोरडा पडणार हे त्याला कळलं. लिफ्टवाला वाकून बुटाची लेस बांधत राहिला. कितीतरी वेळ. त्याच्या बुटाला लेस नव्हती, हे मी निघताना पाहिलं. हरलेला माणूस, तोंड कुठे लपवणार.

बाईंनी चष्मा काढून विचारलं, हा तुमचा? मी म्हटलं, शंभर टक्के. त्यांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, नको नको अशी. आपली चर्चा नको असं म्हणत असावा.

खिन्न वगैरे काही नाही, पण त्याच्याबद्दल वाईटही वाटलं. मनाचा मोठेपणा लपत नाही.

४ ऑक्टोबर, सोमवार

बाईंचा फोन आला होता, बायकोनं घेतला. खूप वेळ आत जाऊन बोलल्या दोघी. बाहेर आल्यावर बायकोनं पुन्हा माळ्यावरच्या वहीचा विषय काढला. तीनदा. माझ्या यशाच्या वेळी हिला अडगळ आवरायची आहे.

१४ नोव्हेंबर, रविवार

रसग्रहणं लिहायला सगळ्यांना वेळ मिळेलच असं नाही. म्हणून मदत म्हणून ‘दार मिटलं’वर मीच तीन नमुने तयार केले. बाईंसाठी तात्त्विक, डेंटिस्टसाठी वैज्ञानिक, क्या बातसाठी भावपूर्ण आणि सोप्या शब्दांत. डेंटिस्टच्या नमुन्यात एक वाक्य फार साधलं आहे: ‘कवीनं इथे कर्ता मुद्दाम गाळला आहे, कारण जो गेला त्याचं नाव घेववत नाही.’

तिघांना पोस्टानं पाठवले. उत्तर कुणाचंच नाही. पोस्ट खातं ढिसाळ.

५ डिसेंबर, रविवार. दुपारी २

घरी आल्या आल्या लिहितो.

निवडीची मीटिंग. पहिली पाळी बाईंची. त्यांनी कागद काढला आणि स्वच्छ आवाजात वाचलं की माझा या वर्षीचा आवडता हायकू, ‘दार मिटलं’. मी नम्रपणे उठून उभा राहिलो. मग त्यांनी कवीचं नाव घेतलं. लिफ्टवाल्याचं.

मी म्हटलं, नजरचुकीनं. त्या म्हणाल्या, नाही. सात मार्चला इथेच त्यानं वाचला, मी त्याच दिवशी उतरवून घेतला. वही उघडून दाखवली. डेंटिस्टनं दाखवली. क्या बातनं दाखवली. तिघांचा कट. मी जे बोललो ते इथे सगळं लिहीत नाही. चोर हा शब्द दोनदा आला. चोराच्या उलट्या बोंबा असंही म्हटलं. लिफ्टवाल्याच्या तोंडावर म्हटलं. आणि म्हटलं की माझ्याकडे रेकॉर्ड आहे, तारखेसह, बावीस वर्षांत माझी एक फाइल चुकलेली नाही, पुढच्या वेळी टेबलावर आणून आपटतो.

लिफ्टवाला उठला. काका, राहू दे, म्हणाला. तुम्हाला तो आपला वाटला ना, मग तुमचं नाव टाका त्याच्यावर. माझं काही नाही.

म्हणजे कबुलीच दिली. सगळ्यांसमोर.

त्याला त्याची निवड वाचायची होती, कागद हातात होता. बाईंनी मीटिंग बंद केली.

५ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

शिडी लावली. बायकोनं धरली. वही ट्रंकेच्या मागे होती. शिडीवरच उघडली. उजवीकडचं जूनचं पान. ‘कुणीच’ खोडलेलं, ‘माणूस’ खोडलेलं, ‘अनंताकडे’ खोडलेलं. कागद पार भोकं पडेपर्यंत. आपला हायकू इतका कशाला खोडावा माणसानं, म्हणून मागे मागे गेलो.

डावं पान. लाल पेन. ल. ७ मार्च. कर्ता कुठे आहे.

नापास.

बायकोनं खालून विचारलं, सापडली का. मी वरच बसून राहिलो. तिनं शिडी सोडली नाही.

६ डिसेंबर, सोमवार

रजा.

१४ डिसेंबर, मंगळवार

पर्याय:

एक. वही सापडली नाही म्हणून सांगणे. दोन. आजारी पडणे. तीन. मंडळ सोडणे, कारण: कामाचा व्याप. चार. वही पावसात भिजली म्हणून सांगणे, पण पाऊस नाही.

बायको म्हणाली की पाचवा पर्याय तुम्ही लिहिला नाही. मी म्हटलं मला चारच सुचले. ती म्हणाली, शाळेत मुलं चुकीचं उत्तर खोडरबरानं पुसतात तेव्हा ती त्यांना सांगते की पुसू नका, एक रेघ मारा आणि खाली बरोबर लिहा.

साखर दोन चमचे.

१९ डिसेंबर, रविवार. दुपारी २

गेलो.

वही आपटली नाही. उघडून लिफ्टवाल्यापुढे ठेवली, डावं पान वर करून. त्यानं शेरा वाचला. मग मोठ्यानं वाचला, सगळ्यांना. कर्ता कुठे आहे, काय निघाली, कुठे निघाली. मला वाटलं होतं चिडेल. तो हसला. म्हणाला की काका, त्या दिवशी वाचण्याआधी तेच तर सांगत होतो. मामा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याच बिल्डिंगमध्ये सर्व्हिसिंग होतं. मी मशीनवर असलो की मामा खाली बॅटरी धरायचे, चहा आणून द्यायचे. त्या दिवशी कुणी नव्हतं. चाचणीला लिफ्ट रिकामी सोडली.

एकोणीस वर्षं माझ्यासाठी लिफ्ट धरली त्या माणसानं, आणि हायकू ह्यानं केला. हे मनात आलं, ते लिहून ठेवतो. पूर्ण खरं लिहायचं तर अजूनही थोडं येतंय.

माफी मागितली. कशी ते आठवत नाही, फार लांबली असावी, कारण बाईंनी शेवटी सतरा अक्षरांत मागा म्हटलं.

मग माझी निवड. डेंटिस्टनं आज त्याच्या बायकोलाही आणलं होतं, दाढेवरचं रसग्रहण ऐकायला. क्या बात नवा शर्ट घालून आला होता. मी ‘दार मिटलं’ म्हटलं आणि कवीचं नाव घेतलं. डेंटिस्टनं क्या बातकडे पाहिलं, क्या बातनं बाईंकडे. मग त्यांनी एकमेकांना काय काय कबूल झालं होतं ते सांगितलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. रसग्रहण नवं लिहायला जमलं नव्हतं, म्हणून डेंटिस्टसाठी केलेला नमुनाच वाचला. ‘जो गेला त्याचं नाव घेववत नाही’ या वाक्याला डेंटिस्टच्या बायकोनं डोळे पुसले. डेंटिस्ट म्हणाला की हे मला पोस्टानं आलं होतं.

शेवटी लिफ्टवाल्याची निवड. त्यानं खिशातली छोटी वही काढली. ४ एप्रिल.

शिडीवर मी
खाली धरणाऱ्याची
चप्पल फक्त

माझं नाव घेतलं त्यानं. मी म्हटलं हा माझा नाही. तुमचाच, म्हणाला. मी म्हटलं मी तो वाचलेलाच नाही. तो म्हणाला की वाचला नाहीत, उशीर का झाला ते सांगत होतात. बाई म्हणाल्या की त्यांनी तेव्हाच मोजून पाहिलं होतं, सतरा भरतात.

त्याचं रसग्रहण छोटं होतं. तो म्हणाला की यात धरणारा नाही आणि शिडी तरी उभी आहे. आणि चप्पल कुणी हलवली नाही, हे कवीनं सांगितलेलं नाही, तरी कळतं.

क्या बात म्हणाला, क्या बात. या वेळी त्याला तसं म्हणायचं असावं.

३१ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७

पुस्तिका आली. पान नऊ. चार वर्षांत पहिल्यांदा. शुद्धलेखन ठीक. लिफ्टवाल्याच्या ‘दार मिटलं’वर यंदा दोन रसग्रहणं, त्यातलं एक माझं. अंदाजात थोडी चूक झाली.

बायकोनं पान नऊ वाचलं आणि विचारलं की हा घरी का नाही दाखवला. काय सांगणार? माझ्याजवळच नव्हता. आज दोन्ही वह्या पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या. ‘अनंत विश्व’ आहे, ‘शून्यात शून्य’ आहे, ‘ब्रह्मांड डोले’चे पाच खर्डे आहेत. हा कुठेच नाही.

ऑफिसची साफसफाई परवा झाली. रॅकखालचं माझं मी बघतो म्हणून सांगितलं नव्या कारकुनाला.

उद्याचे संकल्प: साखर अर्धा चमचा. बाकीचे सकाळी.

नवी वही काढली. हा हायकू कुठल्या पानावर घ्यावा, यावर बराच वेळ गेला. शेवटी पहिल्या कोऱ्या डाव्या पानावर उतरवला, दुसऱ्यांचे घेतो तिथे. खाली लाल पेनानं ४ एप्रिल लिहिलं. शेरा सुचला नाही, जागा सोडली आहे.